ट्रे हलवू नको, असं मी म्हणालो होतो

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, सोबतच्या मास्तरांना नाही. एकीला सांगितलं, तेही गेल्या महिन्यात — आणि तिला सांगायलाच बावीस वर्षं लावली, तेव्हा माझा धीर केवढा ते तुम्हीच ठरवा. आता तुम्हाला सांगतोय. मध्ये अडखळेन. मला वर्गात बोलायची सवय आहे, कबूल करायची नाही.

मी मास्तर आहे. वर्ध्यात, मुलामुलींना हाताचं काम शिकवणारी एक संस्था आहे — नाव घेत नाही, चूक संस्थेची नव्हती — तिथं मी इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. पुढच्या वर्षी निवृत्त होईन. आमच्या लाइनीतले लोक मला ‘ट्रेवाले सर’ म्हणतात. हे नाव मला आवडायचं. आता कुणी त्या नावानं हाक मारली की मान खाली जाते, ती का, तेच सांगायचं आहे.

चार्जर, इन्व्हर्टर, पंपाचा स्टार्टर — कशाचंही झाकण उघडा, आत एक पाटी दिसते, तिच्यावर तांब्याच्या बारीक रेषा. त्या रेषांतून वीज जाते. ही पाटी घरीही करता येते. एका बाजूला तांब्याचा पातळ पत्रा चिकटवलेली कोरी पाटी आणायची, हव्या त्या रेषा रंगानं काढायच्या, आणि पाटी फेरिक क्लोराइडच्या तपकिरी पाण्यात ठेवायची. रंगाखालचं तांबं राहतं, उघडं तांबं ते पाणी खाऊन टाकतं. ऐकायला सोपं. पण हे खाणं सगळीकडे सारखं व्हायला पाहिजे, खरी गोम तिथं आहे. कडेचं तांबं आधी जातं, मधलं अडून बसतं. मधलं जायची वाट पाहावी तर तोवर कडेच्या रेषा रंगाखालून पोखरल्या जातात. पाटी वाया.

उपाय अगदी साधा. पाण्याचा ट्रे हलवत राहायचा. सुपानं पाखडतो तसा, पण हलक्या हातानं, शेवटपर्यंत. म्हणजे तांबं खाऊन दमलेलं पाणी बाजूला होतं आणि ताजं पाणी सगळीकडे पोचतं. हे मी किती पोरांना शिकवलं त्याची गणती नाही. गाडीच्या वायपरची मोटर लावून आपोआप डुलणारा ट्रे केला, तो बघायला इतर संस्थांतले मास्तर आले. दोनदा शाल-श्रीफळ मिळालं. शाली कपाटात आहेत, नारळांची चटणी झाली.

आता असं विचारा — हे सरांना कुणी शिकवलं? इतक्या वर्षांत एकानंही विचारलं नाही. विचारलं असतं तर मी एखाद्या पुस्तकाचं नाव ठोकून दिलं असतं. ठोकून द्यायला मी हुशार आहे, ते पुढे येईलच.

खरं असं, की मी शिकवायला उभा राहिलो तेव्हा एकही पाटी स्वतःच्या हातानं केलेली नव्हती. कॉलेजात आम्हाला पाट्या तयार मिळायच्या, नागपूरहून यायच्या. आम्ही फक्त त्यांवर सामान जोडायचो. पुस्तकात याबद्दल दोन ओळी होत्या. पाटी द्रावणात बुडवून ठेवावी. तांबं निघून गेल्यावर बाहेर काढावी. एवढंच. त्या दोन ओळींच्या भरवशावर मी वीस जणांसमोर उभा होतो, इस्त्रीचा शर्ट घालून, हातात छडीसारखी पट्टी घेऊन.

त्या वीस जणांत अर्चना होती. केळझरच्या पुढच्या एका गावची, शेतकऱ्याच्या घरची. रोज एसटीनं यायची, पहिल्या तासाला नेहमी पाच मिनिटं उशीर, आणि उशीर झाला म्हणून कधी मान खाली घालणार नाही. सर्किटचा नकाशा काढण्यात तिचा हात कुणी धरत नव्हतं. म्हणजे बघा, तांब्याच्या रेषा एकमेकींना शिवल्या तर सगळं जळतं, म्हणून एकीला दुसरीच्या वाटेतून न जाता वळणं घेत न्यावं लागतं. जिथं मला दोन ठिकाणी वरून तारेचा तुकडा टाकून पूल बांधावा लागला असता, तिथं ती एकही पूल न बांधता रेषा नेऊन ठेवायची. मी तिचा कागद घेऊन खिडकीशी उभा राहून बघायचो. कौतुक वाटायचं. आणि — आता सांगायलाच बसलोय तर हेही सांगतो — थोडं खुपायचंही.

मे महिना होता. संस्थेमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही पहिल्यांदा पाट्या करायला घेतल्या. प्लास्टिकचे ट्रे मांडले, मी द्रावण ओतलं, आणि पुस्तकातल्या दोन ओळी माझ्या आवाजात सांगितल्या. बुडवा आणि थांबा. अर्चनानं विचारलं, ट्रे जरा हलवू का? मी म्हणालो, ट्रे हलवू नको. पाणी सांडेल, कपड्यावर डाग पडले तर निघायचे नाहीत. आणि हे सगळ्यांना वहीत लिहून घ्यायला सांगितलं — ‘ट्रे हलवू नये.’

वीसच्या वीस पाट्या खराब आल्या. सगळ्यांच्या. हे नीट लक्षात ठेवा, कारण त्या दिवशी मी असं वागलो की जणू एकच खराब आली. बाकीच्यांनी काय केलं? जे मीही त्यांच्या जागी केलं असतं तेच. कुणी ब्लेडनं मधलं तांबं खरवडलं, कुणी तुटलेल्या रेषेवर सोल्डरचा ठिपका देऊन ती जोडून टाकली, आणि पाट्या पालथ्या घालून मला दाखवल्या. मी त्या उलट्या करून पाहिल्या नाहीत. पाहिल्या असत्या तर मला काहीतरी बोलावं लागलं असतं, आणि बोलायला माझ्याकडे काही नव्हतं.

अर्चनानं पाटी पालथी ठेवली नाही. ती सरळ माझ्या टेबलावर आणून ठेवली. तिच्या त्या देखण्या नकाशाची दशा झाली होती — कडेच्या रेषा कुरतडलेल्या, मध्ये तांब्याचं एक मोठं डबकं तसंच. म्हणाली, “सर, हे असं काऊन झालं?”

मी काही बोलायच्या आत तिनं स्वतःच पुढे सांगितलं. घरी गुंड घासताना, म्हणजे तांब्याचं पाणी भरायचं भांडं घासताना, चिंच नुसती लावून ठेवली तर डाग-डाग पडतात. “हात फिरवत राहा लागते, सर. मंग एकसारखं निघते. हे बी तसंच असन का?”

झालं. उत्तर माझ्या टेबलावर होतं. प्रश्न विचारणाऱ्या मुलीनंच ते आणून ठेवलं होतं. मला फक्त ‘असेल, करून पाहू’ एवढं म्हणायचं होतं. हे शब्द जड आहेत का हो? तुम्ही कधी म्हटले असतील. वीस जण माझ्याकडे बघत होते. त्यातल्या दोघा-तिघांच्या ओठांवर हसू होतं असं मला वाटलं — होतं की नव्हतं, देव जाणे. सरांना येत नाही, ही गोष्ट संध्याकाळपर्यंत बसस्टँडवर पोचली असती, असं माझ्या मनात आलं.

आणि मग मी ते म्हणालो.

त्याआधी एक सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला त्याचं वजन कळणार नाही. आपल्याकडे लोणचं घालताना घरातल्या एखादीला बाजूला बसवतात, ठाऊक आहे ना? तिच्या हाताला गुण नाही, तिनं हात लावला की बरणीला बुरशी येते, असं म्हणतात. अर्चना तिच्या घरातली ती मुलगी होती. आठच दिवसांपूर्वी जेवणाच्या सुट्टीत मुली कैऱ्यांवर बोलत होत्या तेव्हा तिनं हसत सांगितलं होतं — आजी मले अंगणात बसवते, म्हणते तू कैरी फोडायलेबी येऊ नको. मी शेजारच्या बाकावर डबा खात होतो. मी ते ऐकलं होतं. म्हणजे कुठं बोट ठेवलं की दुखेल हे मला माहीत होतं.

मी पाटी उचलून सगळ्यांना दिसेल अशी धरली आणि म्हणालो, “द्रावण सगळ्यांना सारखंच होतं. तुझ्या हातालाच गुण नाही, त्याला मी काय करू?”

वर्ग हसला. अर्चनाही हसली. पाटी घेतली, जागेवर गेली, वहीत काहीतरी लिहीत बसली. मला काय वाटलं ते सांगू? सुटल्यासारखं वाटलं. बसस्टँडवर आता माझी गोष्ट जाणार नव्हती, तिची जाणार होती.

इथवरच थांबलं असतं तरी ते वाईटच होतं. पण तोवर मला निदान खरं कारण माहीत नव्हतं. पुढचं ऐका.

त्या रविवारी दुपारी मी घरी एकट्यानं पाटी करायला घेतली. बायको म्हणाली, ते रसायन माझ्या ओट्यावर नको. हॉलमध्ये कूलर होता, लोखंडी, जुना. सुरू झाला की अख्खा थरथरायचा. वर जागा सपाट होती म्हणून ट्रे त्याच्यावर ठेवला आणि खाली जेवायला बसलो. अर्ध्या तासानं बघतो तर पाटी अशी निघाली होती की बघत राहावं. कडेपासून मधोमध सगळीकडे एकसारखी. एकही रेष कुरतडलेली नाही. मी कूलर बंद केला आणि दुसरी पाटी ठेवली. खराब. पुन्हा सुरू केला, तिसरी ठेवली. छान. बायको ओरडली, बेचाळीस डिग्रीत कूलर काय बंद करताय! मी तिथंच खाली बसलो. कूलर ट्रे हलवत होता. अर्चनाचं खरं होतं, शब्दन्‌शब्द.

सोमवार उजाडला. मी काय केलं असतं तर पुरलं असतं? वर्गात जाऊन म्हणायचं — अर्चना, तू सांगितलंस ते बरोबर आहे. सहा शब्द. मी वाटभर ते पाठ करत सायकल चालवली. ती त्या दिवशी आली नव्हती. मला केवढं हलकं वाटलं, याची आजही लाज वाटते. ती पंधरा दिवस आली नाही. त्या पंधरा दिवसांत मी बाकीच्या एकोणीस जणांना सांगितलं, की आता पुढची पायरी — ट्रे हलवायचा. पुढची पायरी! जणू आधीची पायरी माझ्या मनात ठरलेलीच होती. पाट्या सुरेख यायला लागल्या. पोरं खूश. मी खूश.

ती परत आली तेव्हा शेडकडे फिरकली नाही, म्हणून ही नवी पायरी तिच्या कानावर कधी आलीच नाही. नकाशे काढायची, दुसऱ्यांनाही काढून द्यायची, आणि पाटी करायची वेळ आली की म्हणायची, तुमी करा, माह्या हातानं नको. मी ते ऐकत होतो. मनात म्हणत होतो, सांगू. या आठवड्यात नाही, पुढच्या आठवड्यात सांगू.

मग प्रॅक्टिकलची परीक्षा आली. शेडमध्ये एकेकानं जायचं होतं. आत बाहेरून आलेले एक परीक्षक होते, आणि मी. अर्चना आली. नकाशा काढला, परीक्षकांनी चष्मा वर करून तो दोनदा पाहिला. मग ती ट्रेसमोर उभी राहिली. पाटी हातात. उभीच राहिली. परीक्षक म्हणाले, ठेवा की. तिनं माझ्याकडे पाहिलं.

मी घड्याळाकडे पाहिलं.

तिनं पाटी टेबलावर ठेवली आणि बाहेर गेली. त्या विषयात नापास झाली. सर्टिफिकेट मिळालं नाही. पुन्हा परीक्षेला बसता आलं असतं, बसली नाही. पुढच्या वर्षी तिचं लग्न झालं असं कळलं. निकालाच्या कागदावर, तिच्या नावापुढे, परीक्षकांच्या सहीखाली माझी सही आहे.

खोटं मी एकदाच बोललो, असं मी स्वतःला सांगत आलो. पण मोजून बघा ना. तो मे महिना, तो सोमवार, ते सगळे आठवडे, आणि ते शेडमधलं एक मिनिट. त्या मिनिटात ‘हलव ग, ट्रे हलव’ एवढं पुटपुटलो असतो तरी परीक्षकांनी काही म्हटलं नसतं.

बावीस वर्षं गेली. मी ट्रेवाला सर झालो.

गेल्या महिन्यात समुद्रपूरकडे एका लग्नाला निघालो होतो. वाटेत जाम नावाचं गाव लागतं, तिथल्या चौकात माझ्या गाडीचे हेडलाइट गेले. तिथं हायवेला लागून दुकानांची रांग आहे — टायर, चहा, ट्रकचे लाइट. एका दुकानात गाडी लावली. दिलीप नावाचा माणूस बोनेटमध्ये वाकला. काउंटरमागे एक बाई चौकोनांच्या कागदावर पेन्सिलीनं रेषा काढत बसली होती. मी त्या रेषा आधी ओळखल्या, बाई नंतर.

तिनं मात्र मला लगेच ओळखलं. “सर! वळखलं का मले?” उठून उभी राहिली, नवऱ्याला, म्हणजे त्या दिलीपला, हाक मारली, हे माहे सर म्हणाली. दोघांचं दुकान आहे. ट्रकच्या इंडिकेटरचं, मागच्या दिव्यांचं सर्किट ते स्वतः करतात. नकाशा तिचा, पाटी दिलीपची. दिलीप हसत म्हणाला, “पण सर, अर्धे बोर्ड फेकाच लागते. हे पाहा.” मागच्या बाजूला एक पोतं होतं. त्यातल्या पाट्या मी हातात घेतल्या. कडा कुरतडलेल्या. मध्ये डबकं.

मी म्हणालो, ट्रे हलवत नाही का?

दिलीप म्हणाला, मोबाइलच्या व्हिडिओत हलवताना दाखवतात, त्यानं बायकोला तसं सांगितलंही. “पण हे म्हणते, सरांनी हलवाचं नाई म्हणून सांगतलं आहे.” आणि त्यानं ड्रॉवरमधून वही काढली. अर्चनाची वही, खाकी वेष्टणाची, गोल-गोल अक्षराची. त्यात रेघ मारून लिहिलं होतं — ट्रे हलवू नये.

म्हणजे माझं खोटं त्या दुकानात बावीस वर्षांनंतरही कामाला होतं.

मी अर्चनाला म्हणालो, मग पाटी तूच का करत नाहीस? तर ती खळखळून हसली. “माह्या हाताले गुण नाई ना, सर! तुमीच तं सांगतलं होतं. मी ना बोर्डाले हात लावत, ना लोणच्याले.”

आणि मी हसलो. हो, हसलो. तिच्यासोबत, दिलीपसोबत, मोठ्यानं. हेडलाइट सुरू झाले, मी लग्नाला गेलो, पंगतीत बसलो. परत येताना जाम लागलं तेव्हा गाडी थांबवली नाही.

बारा दिवस असे काढले. वर्गात ‘हलवत राहा’ म्हणायची वेळ आली की मी फळ्याकडे वळायचो. तेराव्या दिवशी, रविवारी सकाळी, एसटीनं जामला गेलो. गाडी नेली असती तर चौकातून सरळ पुढे निघून गेलो असतो, मला मी ओळखतो.

दुकानात दोघंही होते. मी बसलो नाही. उभ्यानं सांगितलं. मे महिना, टेबलावरची पाटी, कैऱ्यांचं बोलणं मी ऐकलं होतं ते, कूलर, सोमवार. ‘तुझ्या हातात काही खोट नव्हती, मला येत नव्हतं,’ हे म्हणालो. अर्चना ऐकत होती. पेन्सिल हातातच होती. दिलीपनं दुकानाचं शटर निम्मं खाली ओढलं — का ते त्यालाही ठाऊक नसेल.

ती उठली. मागे गेली. एक पाटी घेतली, राखुंडीनं घासली, धुतली, तिच्यावर रंगानं रेषा काढल्या. रंग वाळेपर्यंत दिलीपनं ट्रेमध्ये द्रावण ओतलं. मग ट्रेमध्ये पाटी ठेवली, ट्रे दोन्ही हातांनी धरला आणि हलवायला लागली. कसा हलवायचा हे तिनं मला विचारलं नाही. वीसेक मिनिटं ती हलवत होती. पाटी काढून पाण्याखाली धरली. माझ्या त्या मोटरच्या ट्रेमधूनही इतकी एकसारखी निघालेली मी पाहिली नाही. ती पाटी तिनं उजेडात धरली, उलटी केली, सुलटी केली, मग दिलीपच्या हातात दिली.

नंतर माझ्याकडे वळली. “परीक्षेच्या दिवशी तुमी तिथंच उभे होते ना?”

“हो.”

“तवा तुमाले माहीत होतं?”

“हो.”

“मंग काऊन नाई सांगतलं?”

मी म्हणालो, भीती वाटली. कायची, तिनं विचारलं. मी म्हणालो, तुम्हा वीस जणांची. ती माझ्याकडे बघत राहिली. तिला राग आला होता आणि तो तिनं लपवला नाही. “मी एकवीस वर्षाची होतो, सर,” ती म्हणाली. “माहं भेव वाटत होतं तुमाले?” 

मग तिनं एकदम विचारलं, “मंग लोणच्याचं काय?”

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. म्हणालो, लोणच्याचं मला माहीत नाही. खरंच माहीत नाही. दिलीपला हसू फुटलं, आणि तिलाही, पण तिनं ते लवकर आवरलं. म्हणाली, “यंदा घालून पाहतो. नासलं तं नासलं.”

मी निघायला लागलो तेव्हा ती म्हणाली, नुसतं इथं शटर पाडून सांगून भागणार नाही. “वर्गासमोर म्हटलं होतं ना तुमी? मंग वर्गासमोर सांगा. लिहून सांगा. बोललेलं कोन ध्यानात ठेवते.” त्या वीस जणांचा व्हॉट्सॲपवर एक ग्रुप आहे, मीही त्यात आहे. वाढदिवस, फुलं, सुप्रभात चालू असतं. तिला मी म्हणालो, ग्रुपवर लिहितो. तर म्हणाली, “मी नाई त्यात. पास झालो नाई ना मी, म्हणून कोनी घेतलंच नाई. आधी मले घ्या त्याच्यात, मंग लिहा.”

इतक्या वर्षांत मला हे दिसलंच नव्हतं. एकोणीस जण होते आणि मी त्याला वीस जणांचा ग्रुप म्हणत होतो. बसमध्ये बसल्या-बसल्या मी ग्रुप चालवणाऱ्या मुलाला फोन केला — मुलगा कसला, आता चाळिशी ओलांडलेला माणूस आहे. वर्धा यायच्या आत अर्चनाचं नाव त्यात आलं. सात-आठ जणांनी नमस्काराचे हात टाकले. एकीनं लिहिलं, अगं, तू नकाशा काढून द्यायचीस म्हणून मी पास झाले.

आता तिचा ट्रे रोज चालतो. दिलीप कळवत असतो, ती नाही. पोत्यात नवी पाटी पडलेली नाही, म्हणाला. हिंगणघाटच्या एका पंपवाल्यानं स्टार्टरच्या पाट्या मागितल्या आहेत, नकाशाही तिचा आणि हातही तिचे. वहीतली ती ओळ तिनं खोडली आहे, तिचा फोटो त्यानं मला पाठवला. मी तो बघतो आणि मला बरं वाटतं. बरं वाटायचा मला हक्क आहे का, हा वेगळा प्रश्न आहे, पण वाटतं ते सांगतो.

हे जे तुम्ही वाचताय — ग्रुपबाहेरच्यालाही कळावं असं सगळं उलगडून लिहिलं आहे — ते ग्रुपवर टाकण्याआधी मी तिला पाठवलं. तिनं फोनवरच लाल रेघा ओढून परत पाठवलं. तीन वाक्यांवर रेघ होती, आणि खाली एवढंच, “हे काढा.” मी ती तीन वाक्यं पुन्हा वाचली. तिन्हींत मी तसं का वागलो त्याची कारणं होती. काय कारणं होती ते इथं सांगत नाही, सांगितलं की ती पुन्हा आत आलीच. शेवटी आणखी एक वाक्य होतं, त्यावर तिनं रेघ मारली नव्हती. ते मी स्वतः काढलं, कारण ते माफीचं मागणं होतं.

राहिलं ते एवढं. अर्चनाला येत होतं. मला येत नव्हतं. आणि हे मला तेव्हाच, त्याच आठवड्यात, कळलं होतं.